लाडक्याची मूठ

मित्रांनो, मी टेनिसची रॅकेट आहे. आता फार म्हातारी झाले आहे, पण रडगाणं सांगायला बसलेले नाही. माझं आयुष्य चांगलं गेलं. जव्हारला राजे होते आणि घाटातून बैलगाड्या कुरकुरत चढत होत्या, त्या काळातली ही गोष्ट आहे.

माझा जन्म दूर पंजाबात, सियालकोटला झाला. तिथल्या कारागिरांनी तुतीच्या लाकडाची लांब पट्टी वाफेवर मऊ केली आणि साच्याभोवती वाकवली. मेंढीच्या आतड्याची तात ताणून माझी जाळी विणली. टिचकी मारली की मी सतारीसारखी वाजत असे. माझ्या मुठीवर त्यांनी बारीक खाचा पाडल्या, म्हणजे घामाने हात सरकू नये. त्या काळी रॅकेटच्या मुठीला चामडं फारसं कुणी गुंडाळत नसे. लाकूड आणि तळहात यांची थेट गाठ पडायची.

मुंबईत डॉक्टरी शिकणाऱ्या एका तरुणाने मला विकत घेतलं. हेच माझे डॉक्टरसाहेब. माणूस लोण्यासारखा मऊ, पण मला धरायचे मात्र सापाची मानगूट धरावी तसे. मग व्हायचं काय? अंगठ्याच्या बेचक्यात फोड यायचे, मनगट सुजायचं आणि चेंडू जाऊन जाळीत बसायचा. दोष मात्र माझ्या माथी. "रॅकेटच जड आहे," असं ते सगळ्यांना सांगत.

त्यांच्या मैदानावर एक वयस्कर पारशी गृहस्थ खेळायला येत. एके दिवशी त्यांना राहवलं नाही. ते जवळ येऊन म्हणाले, "दीकरा, खेळतोस की हिचा गळा दाबतोस?"

माझ्या चौकटीची कड जमिनीकडे करून त्यांनी मला धरलं. डॉक्टरसाहेबांना उघडा तळहात माझ्या जाळीवर टेकवायला लावला आणि तो तसाच खाली सरकवत मुठीपर्यंत आणायला सांगितला. "आता मूठ मीट. आवळू नको, मीट. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हिला धरतील, बाकीची नुसती सोबत करतील. चेंडू आला की घट्ट हो, गेला की सैल."

एवढंच. पण त्या दिवसापासून माझा श्वास मोकळा झाला. फोड बसले, मनगटाची सूज उतरली आणि चेंडू जाळीवरून जाऊ लागला. रॅकेट जड असल्याची तक्रार पुन्हा कधी माझ्या कानावर आली नाही.

पुढे डॉक्टरसाहेबांना जव्हार संस्थानच्या दवाखान्यात नोकरी लागली. मी त्यांच्या वळकटीत खोचलेली, गाडीतून घाट चढून वर आले. दवाखान्यामागे त्यांनी हौसेने मैदान करवून घेतलं. लाल मुरूम चोपून वर शेणाने सारवलं, आणि मासेमारीचं जुनं जाळं मध्ये बांधलं. संध्याकाळी पोस्टमास्तर खेळायला येत. धोतराचा काचा मारून ते असा तिरका चेंडू टाकत की तो कुठे उसळेल ते त्यांनाही सांगता येत नसे. पावसाळ्यात डॉक्टरसाहेब मला कापडात गुंडाळून चुलीजवळच्या कोरड्या भिंतीला टांगत, कारण ओल माझ्या तातीची वैरीण. एकंदरीत माझे लाड होते.

मग एका माघात लाडक्याला आणलं.

लाडक्या जवळच्या दाभोसा गावचा. नदीकाठी त्याची भातशेती. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायला तो ऐनाच्या झाडावर चढला होता. पाय निसटला आणि खाली पडताना हातातला कोयता उजव्या तळहातात आडवा घुसला. धाकटा भाऊ बुध्या आणि पाड्यातली माणसं त्याला घोंगडीच्या झोळीत घालून जव्हारला घेऊन आली. पुढे बायको नवशी चालत होती. ती रडत नव्हती. वाटेतल्या फांद्या बाजूला करत होती.

डॉक्टरसाहेबांनी हात शिवला. बोटं हलवणारे आतले दोर नशिबाने वाचले होते. पण जखम भरेपर्यंत हात लाकडी फळीवर सपाट बांधून ठेवावा लागला. फळी सुटली तेव्हा बोटं तशीच सरळ राहिली. मिटायचं नावच घेईनात.

"हात हाय, पन मूठ नाय साहेब," लाडक्या म्हणाला. "इळा कसा धरू? नांगर कसा धरू?"

"मूठ येईल. बोटांना काम दे," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि त्यांनी त्याला दाबायला कापडाचा गोळा दिला.

लाडक्या दवाखान्याच्या मागच्या ओसरीवरच राहत होता. तो गोळा थोडासा दाबायचा, मग मांडीवर ठेवून समोरच्या आंब्याकडे बघत बसायचा. पुढे पुढे तर त्याने हातावर घोंगडी ओढून घेतली. स्वतःचाच हात त्याला बघवेना.

एका संध्याकाळी पोस्टमास्तरांचा एक तिरका चेंडू उसळून थेट ओसरीकडे गेला. लाडक्या दचकला. चेंडू झेलायला त्याचा उजवा हात आपोआप घोंगडीतून बाहेर आला आणि बोटं जराशी वाकली. चेंडू निसटला, पण डॉक्टरसाहेबांनी ते वाकणं पाहिलं. ते खेळ तसाच टाकून मला घेऊन ओसरीवर गेले.

"हिला धर," ते म्हणाले.

लाडक्याने धरायचा प्रयत्न केला. माझी मूठ त्याच्या हातात मुळी थांबेचना. तेव्हा डॉक्टरसाहेबांनी नवशीला विचारलं, "जुनं लुगडं आहे का?"

नवशीने आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडलं आणि त्याच्या चिंध्या माझ्या मुठीवर गुंडाळल्या. वेढ्यावर वेढे, वेढ्यावर वेढे. शेवटी माझी मूठ केळीच्या गाभ्याएवढी जाड झाली. मित्रांनो, खरं सांगते, मला फार लाज वाटली. सियालकोटची मी, आणि अंगावर चिंध्या! पण त्या जाड मुठीभोवती लाडक्याची बोटं कशीबशी टेकली, आणि मी खाली पडले नाही.

डॉक्टरसाहेबांनी त्याला तेच शिकवलं, जे ते स्वतः शिकले होते. आधी तळहात जाळीवर, मग खाली सरकव, मग मीट. बोटं मिटत नसत, तेव्हा एकेक बोट ते स्वतः अलगद वाकवून देत. लाडक्या साऱ्या अंगाचा जोर लावायचा, कपाळावर घाम यायचा.

"अरे, दात कशाला आवळतोस? दातांनी खेळायचं नाही!" डॉक्टरसाहेब म्हणत.

पहिला चेंडू आला तेव्हा लाडक्याने मला असं फिरवलं की मी हातातून सुटून उडाले आणि पोस्टमास्तरांच्या पायाशी आदळले. पोस्टमास्तर टुणकन खुर्चीवर चढले. मग लाडक्या हसला. झोळीतून आणल्यापासून तो पहिल्यांदा हसत होता. त्याचं बघून नवशी पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि शेवटी खुर्चीवरचे पोस्टमास्तरही.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमचा खेळ चाले. बाजारच्या दिवशी नवशी दाभोशाहून नाचणीची भाकर घेऊन येई आणि माझ्या मुठीवरचा एक वेढा सोडून नेई.

"राहू दे ना गं," लाडक्या कुरकुरत असे. "आत्ता कुठं जमाया लागलं."

"इळ्याची मूठ येवढी जाड असती का?" ती विचारी, आणि चिंधीची घडी करून कमरेला खोची.

असा चैत्र गेला, वैशाख सरत आला. चेंडू आता जाळ्यापर्यंत पोचू लागला होता. तेवढ्यात एके दुपारी बुध्या आला. भाऊ चांगला होता, बोललाही प्रेमानेच. "दादा, नांगरनी मी करतां. लावनी बी करतां. तू बसून ऱ्हा. आमी हाव ना."

लाडक्याने मान डोलावली. पण "बसून ऱ्हा" हे शब्द त्याला कोयत्यापेक्षा खोल लागले. बुध्या गेल्यावर त्याने ओसरीच्या कोपऱ्यात मला ओढून घेतलं आणि उरलेल्या साऱ्या चिंध्या एका दमात सोडून टाकल्या. उघड्या लाकडावर त्याने बोटं दुसऱ्या हाताने दाबून बसवली, आणि आवळलं. आवळतच राहिला. तळहातावरची कोवळी कातडी फाटली. माझ्या मुठीवरच्या खाचांत रक्त उतरलं.

डॉक्टरसाहेबांनी पाहिलं आणि ते भडकले. आजवर ते कुणावर ओरडल्याचं मी ऐकलं नव्हतं. "घाई, घाई! इतक्या दिवसांची मेहनत मातीत घातलीस! तुला बरं व्हायचंय की नाही?"

लाडक्याने पट्टी बांधू दिली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि दाभोशाची वाट धरली. मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस डॉक्टरसाहेबांचं खेळात लक्ष लागेना. पोस्टमास्तरांचे साधे चेंडूही त्यांच्या हातून सुटत. मला पुसताना ते माझ्या खाचांमधला काळा पडलेला डाग बघत आणि थांबत. "मी ओरडायला नको होतं," एकदा ते पोस्टमास्तरांना म्हणाले. "हात त्याचा आहे. घाई त्याला होणार नाही तर कुणाला?"

बाजारच्या दिवशी नवशी आली. एकटीच. ओसरीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "साहेब, ती तुमची खेळायची फळी द्या."

"त्याला घेऊन ये ना. मी काही बोलणार नाही."

"तो येनार नाय. लाजला हाय. पन हात त घरीच हाय ना त्याचा? फळी तिकडं नेतां."

डॉक्टरसाहेब घुटमळले. मित्रांनो, त्यांना दोष देऊ नका. मी त्यांची विद्यार्थिदशेपासूनची सोबतीण. पावसाळा तोंडावर आलेला. कुडाच्या घरात, ओलीत माझी तात टिकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जव्हारात नवी रॅकेट कुठून आणणार? त्यांनी मला एकदा टिचकी मारून वाजवलं. मग एका चेंडूसकट नवशीच्या हातात ठेवलं.

"कातडी भरल्याशिवाय धरू देऊ नको," एवढंच म्हणाले. "आणि चिंध्या पुन्हा गुंडाळ."

नवशीच्या डोक्यावरच्या पाटीत बसून मी दाभोशाला गेले.

लाडक्याने मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नवशीने चिंध्या गुंडाळल्या आणि मला खुंटीला अडकवलं. हाताची कातडी भरून आली, तरी तो माझ्याकडे बघेना.

मग एक दिवस नवशी मला काढून अंगणात गेली. दोन्ही हातांनी मुसळ धरावं तसं तिने मला धरलं आणि गुरांच्या वाड्याच्या भिंतीवर चेंडू बडवू लागली. चेंडू एकदा कोंबड्यांत जाई, एकदा शेणात. धाडधाड आवाज चालला होता. लाडक्या ओट्यावर बसून बघत होता. त्याची चुळबुळ सुरू झाली.

"अशी नाय धरायची," शेवटी तो म्हणाला.

"मंग कशी?" नवशीने विचारलं आणि पुन्हा एक मुसळाचा घाव घातला.

"थांब! तिला मारशील! मना दे."

तो उठून आला. माझ्या चौकटीची कड जमिनीकडे करून त्याने मला धरलं. "आधी हात जाळीवर ठेवायचा. असा. आता खाली आन. आता मीट. आवळू नको, निसतं मीट."

आणि मित्रांनो, तिला दाखवता दाखवता त्याच्या उजव्या हाताची बोटं माझ्याभोवती मिटली. कुणी वाकवून दिली नाहीत, जोर लावला नाही, दात आवळले नाहीत. तो शिकवण्यात इतका रंगला होता की हे त्याच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा तो हाताकडे बघत तसाच उभा राहिला. नवशी कोंबड्यांमागे गेलेला चेंडू शोधायला वळली. बराच वेळ तिला तो सापडला नाही.

जव्हारला तिने मला नीट धरलेलं किती वेळा पाहिलं होतं! तरी त्या दिवशी मुसळासारखं का धरलं, हे मला कधी कळलं नाही. मला वाटतं, लाडक्याला कळलं होतं.

मग पावसाळा आला. डॉक्टरसाहेबांची भीती खरी ठरली. माझी एकेक तात फुगली, सैल पडली आणि तुटली. एका रात्रीत नाही, हळूहळू. आवाज गेला, जाळी गेली. चौकट ओलीने एका अंगाला वाकली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. ज्या अंगावर माझा सारा तोरा होता, तेच गेलं. पण लाडक्याला माझी जाळी नकोच होती, त्याला माझी मूठ हवी होती. लावणीहून आल्यावर चुलीपुढे शेकत बसला की तो मला हातात घेई. मिटायचं, सोडायचं. मिटायचं, सोडायचं. नवशी चिंधीचा एखादा वेढा काढी. आता तो "राहू दे" म्हणत नसे.

लावणी त्याने बरीचशी डाव्या हाताने केली. बुध्या कधी कधी "दादा, बस जरा" म्हणे, आणि लाडक्या चिखलातून मान न उचलता "हूं" म्हणे.

कापणीचा दिवस आला. शेवटची चिंधी लाडक्याने स्वतः सोडली. मला त्याने बांधावर आपल्या घोंगडीजवळ ठेवलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. त्याने विळा उचलला. पहिल्या चुडात, भाताच्या पहिल्याच झुबक्यात, तो हातात फिरला, धान नुसतं वाकलं. लाडक्या थांबला. त्याने विळा सैल केला, तळहात मुठीवर नीट टेकवला आणि बोटं मिटली. पाती लागेल तेव्हाच घट्ट, सुटली की सैल. सर्र करून धान हातात आलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. ओळीने तो जाऊ लागला. शेजारच्या ओळीत बुध्या हात थांबवून बघतच राहिला.

"मागं ऱ्हायलास रं," लाडक्या म्हणाला.

बुध्याने डोळे पुसले, की घाम पुसला, कोण जाणे. मग तोही वाकला आणि भावाला गाठायला निघाला.

कापणी उरकत आली असताना डॉक्टरसाहेब देवी टोचायला दाभोशात आले. लाडक्याने मला पाठीमागे लपवून आणलं आणि खाली मान घालून पुढे केलं. "साहेब, तुमची फळी मोडली. पावसानं खाल्ली."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपली दोन बोटं त्यांनी लाडक्याच्या उजव्या तळहातात दिली आणि म्हणाले, "दाब."

"दुखल तुमाला."

"दाब म्हणतो ना!"

लाडक्याने दाबलं. डॉक्टरसाहेब "आई गं!" म्हणून ओरडले, बोटं झटकत अंगणात नाचले आणि मग इतके हसले की देवी टोचायला आणलेली रडणारी पोरं रडायची थांबली. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

"तुमी आता खेळता कशानं?" नवशीने विचारलं.

"पोस्टमास्तर आपली जुनी देतात. आणि मग हरवतात मला!" ते म्हणाले. जाताना लाडक्या मला त्यांच्या गाडीत ठेवू लागला, तर त्यांनी मला उचलून परत त्याच्या ओट्यावर ठेवलं. "हिला इथे काम आहे," म्हणाले.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. शेजारच्या पाड्यातल्या धोंडीबाईचं मनगट पडून मोडलं होतं. हाड जुळलं, पण हाताने काही धरवेना. लाडक्याने मला तिच्याकडे नेलं, मुठीवर चिंध्या गुंडाळल्या आणि तिच्यासमोर बसून तिची म्हातारी बोटं एकेक करून वाकवली. धोंडीबाई शिव्या घाली. लाडक्या हसून म्हणे, "आजी, दात कशाला आवळतीस?" तिला तर दातच नव्हते. ती जात्याला बसू लागली, त्या दिवशी तिने मला हळदकुंकू लावलं. त्यानंतर मंगळूचा गाडीच्या चाकात सापडलेला हात आला. त्यानंतर आणखी कुणाकुणाचे. प्रत्येक घरातून माझ्या अंगावर वेगळ्या लुगड्याची चिंधी आली. आता मला चिंध्यांची लाज वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलं असेल. त्याला ऊन दाखवा, ओलीत टाकू नका. त्याचं ठरलेलं काम संपलं असेल, तर त्याला दुसरं काही जमतं का, ते बघा. आणि कुणी मागायला आलं, तर थोडं घुटमळलात तरी चालेल, पण द्या.

परवाच बाजारला निघालेला एक परगावचा माणूस पाणी प्यायला ओट्यावर टेकला. खुंटीवर लटकलेल्या माझ्याकडे, माझ्या वाकड्या, रिकाम्या चौकटीकडे आणि रंगीबेरंगी मुठीकडे तो बघत राहिला. "ही कसली फळी गं, मावशी?" त्याने विचारलं.

नवशीने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. जराही न अडखळता ती म्हणाली, "तो आमच्या पाड्याचा दवाखाना हाय."